गुरुवारचे मैल

३० नोव्हेंबर, रविवार

काल पहिला खरा बर्फ पडला. ड्राइव्हवेवर सहा इंच. आजपासून ही वही गाडीसाठी.

सप्टेंबरात आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. म्हणजे अनयानं घ्यायला लावली. आमची लेक चँडलरला राहते, अ‍ॅरिझोनात. तिथे थंडीतसुद्धा लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालतात, त्यामुळे तिला सगळं सोपं दिसतं. "बाबा, या वयात उणे दहामध्ये गॅस भरत कशाला उभं राहायचं? रात्री प्लग लावा, सकाळी गाडी फुल."

मी पस्तीस वर्षं डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत काढली. गॅसोलिनचं, म्हणजे पेट्रोलचं, इंजिन कडाक्याच्या थंडीत सुरू कसं होईल, एवढंच माझं काम. आता गॅरेजमध्ये इंजिनच नाही. बटण दाबलं की काहीच ऐकू येत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा मी चालू गाडी बंद केली.

कागदावर रेंज दोनशे चाळीस मैल. थंडीत त्यातले किती हाती लागतात ते मला स्वतः पाहायचं आहे. रोज निघताना टक्के, आल्यावर टक्के, बाहेरचं तापमान. माझी बायको कांचन म्हणाली, "रिटायर झालात ना तुम्ही?"

४ डिसेंबर, गुरुवार

बाहेर उणे नऊ. (मी सेल्सिअसच लिहितो, कामातली सवय.) सकाळी १०० टक्के. कांचन लायब्ररीतल्या विणकामाच्या ग्रुपला गेली आणि दोन वाजता परत आली. ५९ टक्के.

लायब्ररी इथून तीन मैल आहे. एक्केचाळीस टक्के गेले कुठे?

विचारलं. म्हणाली, "मग ग्रोसरीला गेले. थोडा वेळ गाडीत हिटर लावून बसले, फोनवर बोलत." मी तिला समजावलं की थंडीत सगळ्यात महाग असतात ते छोटे प्रवास. प्रत्येक वेळी थंडगार केबिन नव्याने तापवायची. म्हणून निघायच्या आधी, प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करून घ्यायची. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. खरं तर हे तिला ऑक्टोबरातच सांगितलं होतं.

सकाळी तिनं मऊ, जवळजवळ पातळ खिचडी करून डब्यात भरून नेली. विणकामाच्या ग्रुपमध्ये सगळ्या म्हाताऱ्या अमेरिकन बायका. त्यांना तिखट चालत नसेल.

८ डिसेंबर, सोमवार

आज गाडी हलली नाही. थंडीबद्दल थोडं लिहून ठेवतो.

१९८७ पासून दर जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही चाचणीसाठी वर जायचो, मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठा पूल ओलांडून पलीकडे. गाड्या रात्रभर उघड्यावर ठेवायच्या. पहाटे उणे तीसमध्ये दोघांनी दोन बाजूंनी आत बसायचं. माझ्या हातात स्टॉपवॉच, शंकरच्या मांडीवर वही. किल्ली फिरवली की इंजिन किती सेकंदांत धरतं ते मोजायचं. तेवढ्या वेळात आम्ही श्वाससुद्धा घ्यायचो नाही. काचेवर वाफ नको.

शंकर नागपूरचा. बॅटरी म्हणजे पाव केमिस्ट्री आणि पाऊण मूड, असं म्हणायचा. तो असता तर त्यानं या गाडीचं दुखणं अर्ध्या तासात सांगितलं असतं.

त्याच्याशी आता बोलणं नाही. सतरा वर्षं होत आली. घरगुती विषय होता, त्यात जायला नको. लोक अशा गोष्टींचा लगेच जातीशी संबंध जोडतात म्हणून एवढंच लिहितो की तो प्रश्नच नव्हता. तेवीस हिवाळे मी त्याच्याबरोबर एका मोटेलच्या खोलीत राहिलो आहे. त्याच्या घरी जेवलो आहे. त्याच्या बायकोच्या, सुजाताच्या हातचा चिवडा आम्ही दोघांनी मिळून संपवला आहे. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

११ डिसेंबर, गुरुवार

उणे अकरा. १०० वरून ५६.

रात्री जेवताना कांचननं विचारलं, "शंकररावांची आठवण येते का हो कधी?" का विचारलं कोणास ठाऊक. मला गॅरेजच्या फरशीवरचं, रस्त्यावरच्या बर्फासाठी टाकतात त्या मिठाचं पाणी पुसायचं होतं म्हणून उठलो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बॅटरीत दोष आहे असं माझं मत होत चाललं आहे. सोमवार ते बुधवार आणि शुक्रवार ते रविवार आकडे व्यवस्थित बसतात. फक्त गुरुवारीच गाडी जास्त खाते. आठवड्याचा वार ओळखणारी बॅटरी मी तरी ऐकलेली नाही. पण नवीन गाड्यांत सगळं सॉफ्टवेअर असतं. गुरुवारी ती काही अपडेट वगैरे घेत असेल.

अनयाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बॅटरी इज फाइन. तुम्ही आईला विचारा ना."

"आईला बॅटरीतलं काय कळतं?"

"ओके," म्हणाली आणि आपल्या मुलाशी, वेदशी बोलायला फोन त्याच्याकडे दिला. वेद मराठीत फक्त "आजोबा, बरं आहे" एवढं म्हणतो. बाकी सगळं इंग्लिशमध्ये.

गाडीच्या डिकीत एक पांढरा डबा दिसला. पाणी किंवा चहा दाट करायची पावडर. गिळायला त्रास होणाऱ्यांसाठी, असं वर छापलेलं. कांचन म्हणाली, "सूपला घालते." आमच्या सूपमध्ये काही फरक जाणवलेला नाही.

६ जानेवारी, मंगळवार

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, गाडी एकूण किती चालली आहे? जुन्या गाडीत तो आकडा स्टिअरिंगसमोरच असायचा. हिच्यात स्क्रीनवर चारदा बोट दाबून आत शिरावं लागतं, म्हणून मी कधी पाहिला नव्हता.

१,८७४ मैल.

मी बाईंना नंतर फोन करतो म्हणालो. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं. सप्टेंबरपासून कुठे कुठे गेलो ते सगळं त्यावर लिहिलेलं असतं. गुरुवार वगळून बेरीज केली, तर १,१३० झाली. फरक ७४४. सणासुदीचे सोडून बारा गुरुवार. दर गुरुवारी बासष्ट मैल. जाऊन येऊन. म्हणजे एकतीस.

लायब्ररी तीन मैलांवर आहे.

बॅटरी अगदी ठीक आहे.

७ जानेवारी, बुधवार

नकाशा काढला. रस्ता सरळ नसतो म्हणून पंचवीस मैलांचं वर्तुळ काढलं. त्यावर काय काय येतं ते पाहत बसलो. अ‍ॅन आर्बर येतं. तिथलं मोठं हॉस्पिटल येतं.

मग दाट करायच्या पावडरीचा डबा आठवला.

पन्नास वर्षं तिचा ताप, तिचं बी.पी., सगळं डॉक्टरला मीच सांगत आलो. आता ती मला न सांगता जाते, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. तिच्या गळ्याकडे पाहिलं. जेवताना पाणी पिताना पाहिलं. नेहमीसारखीच पीत होती. "काय बघताय?" म्हणाली.

८ जानेवारी, गुरुवार

ती गेली. मी थांबवलं नाही. रात्रीच गाडी प्लगला लावून ठेवली होती, निघायच्या अर्धा तास आधी आतून गरम केली, तिच्या बाजूची काच खरवडून दिली. एवढंच माझ्या हातात होतं.

दोन वाजता आली. मी चहा केला. तिच्या अंगाला कुठल्यातरी मलमाचा वास येत होता. तिनं कप घेतला आणि म्हणाली, "आज काय विशेष?"

विचारायचं धैर्य झालं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

आज विचारलं. नाश्ता झाल्यावर, ती भांडी मशीनमध्ये लावत असताना. समोरासमोर जमलं नसतं.

"कांचन, तुला काही झालंय का?"

"मला? काय होणार?"

"दर गुरुवारी एकतीस मैल जातेस. अ‍ॅन आर्बरच्या हॉस्पिटलात."

तिनं मशीनचं दार लावलं आणि समोर येऊन बसली. "हॉस्पिटलात नाही. सेलीनला जाते. अ‍ॅन आर्बरच्या पुढचं गाव." मग म्हणाली, "मला काही झालेलं नाही हो. शंकररावांना पार्किन्सन्स आहे. चार वर्षं झाली."

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं, ते इथे लिहितो. तिला काही झालेलं नाही. मग त्याची लाज वाटली. तेही लिहितो.

तिनं सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये ग्रोसरीत सुजाता भेटली. डाळ घेता घेता रडायला लागली. कँटनचं जिन्याचं घर विकून ते सेलीनला एकमजली घरात आले आहेत. मुलगा धम्मदीप तिकडे अ‍ॅशबर्नला, व्हर्जिनियात. तो आणि सून महिन्यातून एकदा येतात. शंकरला एकटं ठेवता येत नाही. गुरुवारी सुजाताची गुडघ्याची फिजिओथेरपी असते, मग औषधं, भाजी. तेवढे तीन तास कांचन त्याच्याजवळ बसते.

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्याच दिवशी सांगत होते. आज कोण भेटलं माहितीय का, म्हटलं. सुजाताचं नाव ऐकलं आणि तुम्ही लॉन कापायला निघून गेलात. लॉन ओलं होतं."

मी म्हणालो, तो वाद दोन्ही बाजूंनी होता. मुलांच्या भल्याचाच विचार मी केला होता. जातीचा त्यात काही संबंध नव्हता.

कांचननं आवाज चढवला नाही. "तुम्ही त्यांना काय म्हणालात ते मला ठाऊक आहे. सुजातानं मला तेव्हाच सांगितलं होतं. 'मैत्री वेगळी, घर वेगळं.'"

मी टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होतो.

"सतरा वर्षं मी तेच धरून चालले," ती म्हणाली. "तुमची मैत्री तुमची. मला त्यांच्या घरी जायचं होतं, मी गेले."

१६ जानेवारी, शुक्रवार

काय झालं होतं ते लिहायला हवं. नाहीतर या वहीत फक्त टक्के राहतील.

फेब्रुवारी २००९. चाचण्या संपवून आम्ही परत येत होतो. गाडी शंकर चालवत होता. त्याच महिन्यात अनया आणि धम्मदीप दोघांनी आपापल्या घरी सांगितलं होतं की त्यांना लग्न करायचं आहे. शंकर खूश होता. पुलावर आलो तेव्हा म्हणाला, "पोरांनी आपलं काम सोपं केलं रे. आता आपण कायदेशीर नातेवाईक." आणि हसला.

मी ते वाक्य बोललो. रागानं नाही, अगदी समजुतीच्या सुरात. मला वाटलं, तो समजूतदार आहे, त्याला पटेल.

तिथून आमचं घर चार तास. तो एक शब्द बोलला नाही. माझ्या दारात गाडी थांबवली, उतरून डिकीतून माझी बॅग काढून दिली. ऑफिसात त्याचं टेबल माझ्या शेजारीच होतं. दोन महिन्यांत त्यानं दुसऱ्या इमारतीत बदली मागून घेतली.

आज अनयाशी बोललो. तिला सप्टेंबरपासून माहीत होतं. गाडी कुठे उभी आहे ते तिच्या फोनवर दिसतं. मी विचारलं, "तू मला माफ केलंस का?"

"बाबा, दीप आणि मी, वुई वर ट्वेंटी-सिक्स. वर्षभर वाईट गेलं. मग मला मिहीर भेटला, त्याला उपासना भेटली. वुई आर फाइन. दिवाळीला मेसेज करतो एकमेकांना." मग म्हणाली, "तुम्हाला मात्र शंकरकाकांच्या नंतर एकही फ्रेंड मिळाला नाही. आय ऑलवेज नोटिस्ड दॅट."

२१ जानेवारी, बुधवार

दुपारपासून पाऊस, आणि पडेल तिथे त्याचा बर्फ. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्यासारख्या. साडेचारला वीज गेली. गाडी मंगळवारी ट्रॉयपर्यंत जाऊन आली होती आणि आज प्लग लावायचा होता. आता ५५ टक्क्यांवर अडकली आहे. दोन पांघरुणं घेऊन आठलाच झोपायची तयारी.

कांचन म्हणाली, "उद्या जायला हवं. सुजाताला मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी दम दिलाय, फिजिओ चुकवायची नाही."

मी म्हणालो, रस्ता निसरडा असेल, मी चालवतो. फक्त चालवायला येतो.

"बरं," म्हणाली.

२२ जानेवारी, गुरुवार

सकाळी उणे वीस. वीज अजून नाही. ५५ टक्क्यांवर निघालो. हिटर बंद ठेवला, फक्त सीट गरम. कांचन रजईत गुंडाळून बसली होती. दर दहा मिनिटांनी मी काच आतून पुसत होतो. बारा मैलांत चौदा टक्के गेले.

हायवेच्या एक्झिटजवळ फास्ट चार्जर होते, तिथे थांबलो. चार मशीनं. एक पूर्ण काळं पडलेलं, एकाची केबल गारठून इतकी ताठ की गाडीत बसेना. उरलेल्या दोनांपुढे सात गाड्या. सगळ्या आमच्यासारख्याच, वीज गेलेल्या घरांतून आलेल्या. माझ्यापुढच्या माणसानं काच खाली करून सांगितलं, अडीच तास तरी लागतील.

मी म्हणालो, "परत फिरू या. एकेचाळीस आहेत, घरी पोचू."

कांचन म्हणाली, "तुम्ही फिरा. मला इथे उतरवा, मी सुजाताला बोलावते." मग म्हणाली, "त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला साधा प्लग आहे. मी पाहिलाय."

साध्या प्लगवर ही गाडी तासाला जेमतेम दोन टक्के घेते. म्हणजे पोचल्यावर परतीपुरतं भरायला सात-आठ तास. ते तिला माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी गाडी पुढे घेतली.

पोचलो तेव्हा १९ टक्के.

दार सुजातानं उघडलं. केस सगळे पांढरे, अंगात कोट, हातात किल्ली. "ये कांचन." मग मागे मी दिसलो. "तुम्ही पण आलात," एवढंच. ती पूर्वी मला भाऊजी म्हणायची.

चार-पाच दिवस मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. तोंडातून आलं ते असं: "गॅरेजमध्ये गाडी लावायला प्लग मिळेल का?"

"किती वेळ?"

"सात तास. कदाचित जास्त."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आपली गाडी बाहेर काढली आणि माझी आत घ्यायला जागा दिली. "बूट दारातच काढा," म्हणाली आणि फिजिओला गेली.

शंकर खिडकीजवळच्या खुर्चीत होता. अर्धा उरला आहे. उजवा हात मांडीवर सारखा हलत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना राग ना ओळख. मी तिथेच उभा राहिलो. कांचन हळूच म्हणाली, "त्यांचा चेहरा हलत नाही आता. आजारामुळे. त्यावरून काही समजू नका."

तो बोलला तेव्हा ऐकायला मला खाली वाकावं लागलं.

"किती राहिले?"

"एकोणीस."

"हिटर?"

"बंद होता."

"बायकोला गारठवलंस," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "गाडी कुठली घेतलीस?"

दुपारी कांचननं मला शिकवलं. चहात पावडर किती, किती वेळ ढवळायची, चमचा जिभेवर कुठे ठेवायचा, त्यानं गिळल्यावर गळा हलतो तो पाहून मगच पुढचा. एक कप चहाला वीस मिनिटं लागली. वाटीभर खिचडीला चाळीस. गाडीबद्दल त्यानं बारीकसारीक विचारलं. सेल किती, थंडीत बॅटरी आधी स्वतःला गरम करते की आधी चार्ज घेते. दुसऱ्याचं उत्तर मला येत नव्हतं. "काहून रे," म्हणाला, "मॅन्युअल वाचलं नाहीस?" मग तो झोपला.

चार वाजता उठला. सुजाता परत आली होती, ती आणि कांचन स्वयंपाकघरात होत्या.

मी म्हणालो, "शंकर, मी त्या दिवशी जे बोललो—"

"कुठल्या दिवशी?"

"पुलावर."

"काय बोललास?"

आजारात त्याला विसर पडला असेल असं वाटलं. पण तो माझ्याकडे एकटक बघत होता. मग कळलं की मलाच ते म्हणावं लागणार. मी म्हटलं. चार शब्द. त्याच्या घरात बसून, त्याच्या चहाचा कप हातात धरून.

"हां," तो म्हणाला. "नीट आठवतंय तुला. मला वाटायचं तू विसरला असशील. मी एकटाच घेऊन बसलोय."

"माझं चुकलं."

"चुकलं." त्यानं दम घेतला. "एक सांग. तेव्हा तुला माहीत होतं, चुकतंय?"

हो म्हणणं सोपं होतं. मी विचार केला. पुलावरचा तो मी आठवलो, किती बरोबर वाटत होतं मला. "नाही," म्हणालो. "अजिबात नाही."

"हो म्हणाला असतास तर ऊठ म्हणालो असतो." त्यानं डोळे मिटले. "माझे पाय खाली सरकलेत. वर घे."

मी पाय वर घेतले, खाली उशी दिली.

साडेसात वाजता सुजातानं गॅरेजमध्ये जाऊन स्क्रीन पाहिला. "छत्तीस दाखवतंय. पुरेल?" म्हणाली. पस्तीसला निघायचं असं मी सकाळीच ठरवलं होतं; गॅरेजमध्ये दिवसभर राहिलेली बॅटरी परतीला कमी खाते.

निघताना ती दारात उभी होती. कांचनला तिनं जवळ घेतलं. मला म्हणाली, "पुढच्या गुरुवारी घरून नीट चार्ज करून या."

२९ जानेवारी, गुरुवार

नेमकी आज कांचनला सर्दी झाली. म्हणाली, शंकररावांना लागण नको, तुम्ही एकटेच जा. गेलो. उणे चौदा. संध्याकाळी परत आलो तेव्हा तिची सर्दी पूर्ण बरी झालेली होती. सुंठीच्या काढ्याचा गुण असावा.

शंकरनं आज अर्धी वाटीच खाल्ली. मॅन्युअलमधलं थंडीचं प्रकरण त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन चुका त्यानं काढल्या. त्यातली एक खरी चूक आहे.

सुजाता माझ्याशी कामापुरतंच बोलते. आल्यावर विचारते, जाताना सांगते. गॅरेजच्या दाराखालची रबरी पट्टी फाटली होती, थंडी आत येत होती. मी बदलून दिली. "राहू द्या, धम्मदीप करेल," म्हणाली होती. पण हातोडी आणून दिली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल संध्याकाळी सुजाताचा फोन आला. तिच्याकडून पहिलाच. शंकरची अ‍ॅन आर्बरला न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट होती, आणि तिचा गुडघा सुजला होता, गाडी चालवणं शक्य नव्हतं. "तुम्हाला जमेल का?" तिनं विचारलं. जमेल म्हणालो. "त्यांना पाय वर करून गाडीत बसवावं लागतं. आधी पाठ टेकवायची, मग पाय. घाई केलीत तर घाबरतात." मी लिहून घेतलं.

आज सकाळी उणे सहा, ऊन. पोचायच्या आधी दहा मिनिटांपासून आत गरम ठेवलं होतं. सुजाता पुढच्या दारातून बघत होती. आधी पाठ, मग पाय. त्याचे बूट मी हातानं आत ठेवले. ती मागे बसली. वाटेत शंकर एकदाच बोलला. "आवाज नाही रे," म्हणाला. मी म्हटलं, सवय होते. "नको होऊ दे," म्हणाला.

क्लिनिकमध्ये सुजाता इन्शुरन्सचं पाहायला दुसऱ्या खिडकीवर गेली. इकडे काउंटरवरच्या मुलीनं माझ्यापुढे टॅब्लेट ठेवला. पेशंटला तपासताना सोबत कोण आत जाणार, त्याचं नाव, फोन नंबर, पेशंटशी नातं. मी नाव भरलं, नंबर भरला. नात्याच्या चौकोनात बोट नेलं आणि थांबलो. खाली यादी उघडली होती. स्पाउस, चाइल्ड, सिब्लिंग, फ्रेंड, केअरगिव्हर, अदर.

मी फ्रेंडवर बोट नेलं. मग व्हीलचेअरमधल्या शंकरकडे पाहिलं. तो स्क्रीनकडेच बघत होता.

"काय लिहू?" मी विचारलं.

त्याला वेळ लागला. त्या मुलीनं पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली.

"कलीग," शंकर म्हणाला.

यादीत तो शब्द नव्हता. मी अदर दाबलं आणि पुढच्या रिकाम्या जागेत अक्षर अक्षर टाइप केलं. त्यानं वाकून वाचलं आणि मान हलवली. आजारानं हलली की त्यानं हलवली, सांगता येत नाही. मग आतून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि मी खुर्चीचा ब्रेक काढला.

घरी आल्यावर कांचनला सांगितलं. तिनं विचारलं, "तुम्हाला वाईट वाटलं?"

थोडं वाटलं. पण १९८६ साली ऑफिसात शंकरची माझ्याशी ओळख करून दिली गेली तेव्हा हाच शब्द वापरला होता. मैत्री व्हायला त्यानंतर तीन हिवाळे लागले होते. या वेळी आमच्याकडे किती आहेत ते माहीत नाही. परवा गुरुवार आहे. सुजातानं येताना मऊ केळी आणायला सांगितली आहेत.